टेपमधलं बिऱ्हाड

आमच्या घरात स्वयंपाकाची भांडी जर्मनची आणि भिंतीवर मात्र पितळच पितळ. बडोद्यात पाणीगेटच्या आत दोन खोल्या, पुढे ओटा. आतल्या खोलीत आम्ही राहायचो आणि बाहेरच्या खोलीत बाजे. खुंट्यांना ट्रंपेट लटकलेले, कोपऱ्यात तो गळ्यात घालायचा मोठा बाजा पाहुण्यासारखा बसलेला, त्याच्या शेजारी ढोल. लहानपणी मला कुणी विचारलं, घरी कोण कोण असतं, तर मी आई, आबा म्हणायची आणि मग बाजे मोजायला लागायची. चिंचेचा कोळ आणि राख लावून ते पितळ घासायचं काम माझं. लग्नसराईत रोज. हाताचा चिंचेचा वास जायचाच नाही, शाळेतल्या पोरी हसायच्या. चौथीनंतर शाळा सुटली, मग हसायला कुणी राहिलं नाही.

आजोबा सरकारी बँडमधले. सरकारी म्हणजे महाराजांच्या राज्यातले. त्यांना कागदावरचं बघून वाजवता यायचं, गोऱ्या मास्तरानं शिकवलेलं. पुढे राज्य गेलं, बँड मोडला, आणि आबांच्या वाट्याला लाल कोट आला, जरीच्या दोरीचा, पण कागद काही आला नाही. आबा कानानं उचलायचे. पानाच्या गल्ल्यावर रेडिओ लागलेला असला की तिथं सायकल टेकवून उभे राहायचे, गाणं पोटात घेऊन घरी यायचे आणि ओट्यावर बसून तोंडानं वाजवायचे. ट्रंपेटवाल्याला त्याचा तुकडा, ढोलवाल्याला त्याचा, मोठ्या बाज्याला त्याचा. सगळं तोंडानं. समोरचा माणूस ते ऐकून तसंच्या तसं वाजवायचा. आबा म्हणतील तसं, एक मात्रा इकडची तिकडे नाही. शेजारच्या काकी म्हणायच्या, तुमच्या बँडला बाजे कशाला, मास्तरांचं तोंड पुरे. हसण्यावारी म्हणायच्या, पण खरंच होतं ते. बँड आबांच्या तोंडात होता.

सराईत हातात पैसे आले की आबा येताना सेव-उसळ आणायचे, वरून लाल तर्री, कांदा वेगळा पुडीत. चौमासात लग्नं नाहीत, तेव्हा भाकरी आणि कांद्याची पात, कधी नुसतं पिठाचं कालवण. मी ह्याचं दुःख सांगत नाही. तेव्हा तसंच असायचं, सगळ्या गल्लीत तसंच होतं.

मग एका सकाळी आबा चहा पीत होते आणि चहा सदऱ्यावर सांडायला लागला. त्यांना कळलंच नाही. आईनं बघितलं, तर अर्धं तोंड खाली आलेलं, डोळा मिटत नव्हता. तोंडावरनं वारं गेलं होतं. दवाखाना झाला, मालीश झालं, कुणी जायफळ सांगितलं ते झालं. हात-पाय ठीक, चालणं ठीक, तेवढं तोंड राहिलं. थोडं बरं वाटल्यावर आबांनी खुंटीवरून ट्रंपेट काढला. मी दारात उभी होते. त्यांनी फुंकलं आणि वाकड्या कोपऱ्यातून नुसती हवा निघाली. फस्स. परत फुंकलं. परत फस्स. त्यांनी ट्रंपेट खुंटीला लावला, पंचा घेतला आणि तोंडाला गुंडाळला, उसाच्या रसाचा गाडीवाला उन्हात गुंडाळतो तसा. तो मग निघालाच नाही. बोलणं पण बंद केलं. बोलले की लाळ गळायची ना. आधी लोक त्यांचं तोंड बघायला जमायचे, आता ते कुणाला दाखवायचं नव्हतं त्यांना.

उस्मानचाचा आबांच्या हाताखालचे, दुसरा ट्रंपेट वाजवायचे. ते रोज संध्याकाळी यायचे, ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे. म्हणायचे, मास्तर, तुम्ही वाजवू नका, नुसतं सांगा, आम्ही वाजवतो. आबा भिंतीकडे बघायचे. उस्मानचाचा कपबशी खाली ठेवून उठायचे. सराई जवळ येत होती. मास्तर नाही म्हटल्यावर बाकीचे दुसऱ्या बँडात जायच्या गोष्टी करायला लागले होते, आणि त्यांचं काय चुकलं? त्यांना पण घरं होती.

तेव्हा आईनं अलकापुरीत मधुबेनकडे स्वयंपाकाचं काम धरलं. मोठा बंगला, बाहेर झोपाळा, आत गोदरेजची कपाटं. सकाळी आम्ही दोघी पायी जायचो, मांडवीवरून, न्यायमंदिरावरून, सूरसागरच्या काठानं. आई रोटल्या लाटायची, मी शेकायची आणि तूप लावायची. आमच्या आईच्या हातच्या रोटल्या त्या गुजराती घरात अशा पसंत पडल्या की मधुबेन म्हणायच्या, कांताबेन, तुम्ही चुकून मराठी झालात. मधुबेन तशा चांगल्या. बोलायला तिखट, पण जेवल्याशिवाय कधी परत पाठवलं नाही.

त्यांचा मुलगा किरीटभाई अमेरिकेत. तिथं पेट्रोल पंपावर रात्रपाळीला असायचा. कुणी पाहुणा आला त्याच्याबरोबर त्यानं मधुबेनसाठी टेपरेकॉर्डर पाठवला, भजनं ऐकायला. त्यात एक टेप राहून गेली होती, त्याची स्वतःची. मधुबेननी भजनाची समजून ती लावली आणि मी रसोड्यात रोटली तव्यावर टाकून उभी राहिले.

आता ते कसं सांगू? रोटली जळाली एवढं सांगते. पहिल्यांदा एक माणूस आला, जाड आवाजाचा, जसा कुणी दिवसभर ओझी उचलून घरी येऊन खाटेवर बसावा आणि मग बोलायला लागावा. त्याच्या मागं दोन-तीन बाया, हूं, हूं, अशा. जात्यावर बसलेल्या बाया एकमेकींना साथ देतात तशा. तो म्हणणार, त्या हुंकार देणार. मग एक बाई आली. तिचं काहीतरी मोठं गेलं होतं, पण ती ते अशा आवाजात सांगत होती की वाटावं, आता खोलीचं छत वर उचललं जाईल. मग एक पोरगेला आवाज, लाडात आलेला. मग एक म्हातारा. मध्ये टाळ्या, मध्ये देवळातल्या पेटीसारखं लांबचं काहीतरी. मला शब्द एक कळत नव्हता. पण ते कोण आहेत ते मला कळलं. ते एका घरातले होते. तो जाड आवाजाचा थोरला भाऊ. ती बाई त्याची बहीण, माहेरी परत आलेली. हुंकार देणाऱ्या वहिन्या. म्हातारा म्हणजे बाप. एका मागोमाग एक येऊन आपापलं सांगतात आणि बाकीचे त्याला धरून राहतात. एवढ्या दुःखाचं घर आणि एवढं भरलेलं. 

मधुबेन बाहेरून म्हणाल्या, "आ तो बधा रडे छे."

ते रडणं नव्हतं. रडणं मला माहीत होतं, आमच्याकडे तेव्हा रोज होतं, आवाज न करता. हे वेगळंच होतं. रडायचं होतं तेच त्यांनी उभं करून चालायला लावलं होतं.

मागच्या वर्षी नातीनं, ऋतानं, तिच्या मोबाईलवर ती गाणी शोधून दिली. आम्ही आता बडोद्यातच, समाला राहतो, सोसायटीत, सहाव्या माळ्यावर, लिफ्ट आहे. मी नुसतं गुणगुणले आणि तिनं काढलं, कसं काढलं देव जाणे. म्हणाली, आजी, ह्याला सोल म्हणतात, सोल म्हणजे आत्मा. नाव बरोबर ठेवलंय म्हटलं. मग तिनं सांगितलं की हे सगळे वेगवेगळे गायक, वेगवेगळ्या गावचे, कंपनीवाले जुनी नावाजलेली गाणी निवडून एका टेपमध्ये भरायचे आणि पेट्रोल पंपावर, दुकानात विकायचे. कित्येक जण एकमेकांना भेटलेपण नसतील.  एवढी वर्षं मी त्यांची सोयरीक जुळवून ठेवली होती. आणि खरं सांगू, आतापण मला ते एकाच घरातले वाटतात. मोबाईल गाणी वाटेल तशी लावतो. थोरल्याचं संपलं की बहिणीनं यायला पाहिजे, माझा कान तिची वाट बघतो आणि येतो कुणी भलताच. घरात एकानं हाक मारावी आणि रस्त्यावरच्यानं ओ द्यावी तसं. ऋताला म्हटलं, ते पहिल्यासारखं ओळीनं लाव. तिनं लावून दिलं. आता दुपारी मी ते ऐकते, आणि बिऱ्हाड परत नांदायला लागतं.

तर किरीटभाई लग्न करायला आला. पोरगी ठरलेली, मुहूर्त महिन्यावर. आल्या आल्या त्यानं ती टेप लावली, झोपाळ्यावर बसला आणि म्हणाला, वरघोड्याच्या मिरवणुकीत मला हेच पाहिजे. मधुबेन म्हणाल्या, असलं वाजवणारा बडोद्यात कोण? तो म्हणाला, रात्री पंपावर मी एकटा असायचो, आजूबाजूला बर्फ, तेव्हा हीच माणसं होती माझ्याबरोबर. लग्नात ती नकोत? त्याचा आवाज बदलला होता, म्हणून मधुबेन उठल्या. मग त्या रसोड्यात आल्या आणि आईला म्हणाल्या, कांताबेन, तुमचा बँड आहे ना? जमेल? थशे?

आईचे हात पिठात होते. मी तिच्याकडे बघत होते. घरी आबा पंचा गुंडाळून भिंतीकडे तोंड करून बसलेले, बँड मोडायला आलेला. आईनं लाटणं थांबवलं नाही.

"थशे," ती म्हणाली.

परत येताना मी तिला म्हटलं, आई, आबा उठले नाहीत तर? ती म्हणाली, मग उद्यापासून हे कामपण गेलं. बास, एवढंच. मग आम्ही मांडवीवरून कोथिंबीर घेतली आणि घरी आलो.

मधुबेननी टेपरेकॉर्डर दुलईत गुंडाळून आमच्या हातात दिला होता, दहा वेळा सांभाळ म्हणून. सेलवर चालायचा. आईनं तो आबांच्या समोर ठेवला, झालेलं सगळं सांगितलं, मधुबेनला काय शब्द दिला ते सांगितलं, आणि चूल पेटवायला गेली. कळ मी दाबली. पहिल्या दिवशी आबांनी ऐकलं की नाही तेच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पंच्याच्या आत काहीतरी हललं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी थोरल्याचं गाणं चाललं होतं. त्यात एके ठिकाणी तो सरळ सूर लावत नाही. खालून धरतो, घसरत, ओढत, जसा कुणी विहिरीतून भरलेली घागर वर घेतो, आणि वर येता येता आवाज फाटतो. आबांनी हात वर केला. मी टेप थांबवली. त्यांनी बोट फिरवलं, म्हणजे मागं घे. परत लावलं. परत मागं. मग ते बोलले. किती दिवसांनी बोलत होते, पंच्यातून शब्द जाड येत होता.

"सुमे, ह्याचंपण तोंड वाकडं आहे काय गं?"

मी म्हटलं, मला काय माहीत आबा. आई चुलीपुढं होती, ती वळली नाही, पण तिची फुंकणी थांबली.

त्या संध्याकाळी उस्मानचाचा आले तेव्हा त्यांना चहाच्या आधी ओट्यावर बसवलं. ढोलवाले आले, मोठा बाजा आला. कोण कुठल्या बँडात जाणार होते ते सगळे आले, कारण बातमी गेली होती की मास्तरनी तोंड उघडलं. पंचा तसाच होता. आबा पंच्याच्या आतून तोंडानं वाजवायचे, उस्मानचाचा ऐकायचे. पण अर्धे ओठ हलत नव्हते, सूर निसटायचा, घसरायचा, मध्येच फाटायचा. आणि आमच्या बँडची रीत काय, मास्तर जसं तोंडानं देईल तसंच वाजवायचं. उस्मानचाचांनी ते घसरणं, फाटणं, मध्ये लाळ गिळायला आबा थांबायचे ते थांबणं, सगळं तसंच्या तसं ट्रंपेटमध्ये घेतलं. आबा रागानं लाल झाले. म्हणाले, ते नाही रे, ते गाण्यात नाही, तो माझा रोग आहे. तेवढं सोडून वाजव.

उस्मानचाचा शांत माणूस. त्यांनी मला खूण केली, टेप लाव. लावली. थोरला आला, खालून धरून घसरत वर गेला, फाटला, मध्येच श्वास थांबला, आणि परत धरला.

"टेपमा पण एज छे, मास्तर," उस्मानचाचा म्हणाले. "तमारा जेवुंज. तुमच्यासारखंच."

 ढोलवाल्या काकांनी विडी विझवली. आबांनी उस्मानचाचांना परत वाजवायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. एक डोळा मिटत नव्हता, तो उघडा, त्यातून पाणी, पण ते तर दिवसभर यायचंच. मी तिथं उंबऱ्यात बसून ऐकत होते आणि मला भीती वाटल्यासारखं झालं. सात समुद्रापलीकडचा तो थोरला, त्यानं आमच्या ओट्यावर येऊन आबांच्या तोंडातून बोलावं हे मला देवाधर्माच्या गोष्टीपेक्षा मोठं वाटलं. आजपण वाटतं. पुढं महिनाभर आई सेल उन्हात तापवत ठेवायची पापडाच्या शेजारी, म्हणजे थोडे जास्त चालतात. ते उतरले की बहिणीचा आवाज भावासारखा व्हायचा आणि सगळे हसायचे. आबापण हसायचे, पंच्यात.

लग्नाच्या दिवशी मी आईबरोबर बंगल्यावरच होते, रोटल्या नाही, पुऱ्या होत्या त्या दिवशी. दिवेलागणीला वरघोडा निघायचा. आबा लाल कोट घालून आले, तोंडाला पंचा. लाल कोटावर तो पंचा कसा दिसायचा! पाहुणे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, हा कोण, डाकूसारखा तोंड बांधलेला बुकानीवाला. आबांनी ऐकलं. ते बँडच्या मागं जाऊन उभे राहिले. त्यांनी ठरवलंच होतं, मागून सांगीन, पुढं जाणार नाही.

किरीटभाई घोडीवर बसला, आई आणि मी बायकांबरोबर चालायला लागलो. उस्मानचाचांनी सुरुवात केली आणि पहिल्या वळणावर सगळं विस्कटलं. हे सिनेमाचं गाणं नव्हतं की मुखडा झाला, अंतरा झाला, परत मुखडा. त्यात कुठं बाया हुंकार देणार, कुठं थोरला थांबणार, ते आबांच्या तोंडाकडे बघूनच कळायचं. ओट्यावर सगळे त्यांच्या समोर बसायचे ना. आता आबा मागं. ढोल एकीकडे, ट्रंपेट एकीकडे. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. घोडी बिचकली. मधुबेननी आईकडे बघितलं, आणि आईनं माझ्याकडे नाही, आबांकडे बघितलं.  नुसती बघत राहिली.

आबा माणसांतून वाट काढत पुढं आले. बँडच्या समोर जाऊन त्यांनी रस्त्याकडे पाठ केली आणि बँडकडे तोंड. मग पंचा सोडला. पण अंधार पडला होता. दिवे डोक्यावर घेतलेल्या बाया दोन्ही बाजूंना, मधल्या माणसाच्या तोंडावर उजेड नाही. उस्मानचाचा वाकून वाकून बघत होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं. तिथं भिंतीला एक गॅसबत्ती पेटवून ठेवलेली होती, तिची बाई आली नव्हती. मी ओढणीची चुंबळ केली आणि ती बत्ती डोक्यावर घेतली.

आमच्यात हे कुणी केलेलं नाही. सरकारी बँडची माणसं आम्ही, दिवे धरणाऱ्या बाया वेगळ्या, आम्ही वेगळे, असं आजीनं शिकवलेलं. मानेत एकदम कळ आली. बत्ती जड असते आणि वर सूं सूं आवाज करत असते आणि टाळू भाजते. मी जाऊन आबांच्या शेजारी उभी राहिले, थोडी तिरकी, म्हणजे उजेड बरोबर त्यांच्या तोंडावर पडेल. आबांनी माझ्याकडे बघितलं. अर्धं तोंड खाली आलेलं, कोपऱ्यातून ओलं, आणि सगळ्या उजेडात. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "मागं काय आहे ते सांगत राहा."

आणि ते उलटे चालायला लागले. बँडकडे तोंड करून, हात वर, तोंडानं सगळं देत. थोरला आला. बाया हुंकार द्यायच्या तिथं त्यांनी मोठ्या बाज्याला भुवई दाखवली आणि तो हुंकारला. घसरण आली, फाटलं, थांबलं, धरलं. मी शेजारी चालत सांगत होते, आबा, खड्डा. आबा, डावीकडे गाय आहे. आबा, आता चढ. ते बघतच नव्हते, मी सांगेन तसा पाय टाकत होते. गच्च्यांवर माणसं आली. कुणी नाचलं नाही बराच वेळ. त्या गाण्यावर कसं नाचतात तेच कुणाला माहीत नव्हतं, नुसते बाजूनं चालत होते, जसं काही एखाद्या देवाची पालखी चाललीय. मग बहिणीचं गाणं आलं, टेपमधल्यासारखंच, थोरल्याच्या मागोमाग. आमच्या लोकांना वाटत होतं की ते सगळं एकच लांब गाणं आहे, म्हणून त्यांनी ते ओळीनं बसवलं होतं. तेव्हा किरीटभाईनं घोडीवर दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे मित्र म्हणाले, शरमाणो. त्याला शरम वाटत नव्हती. मी उजेडात होते, मला दिसत होतं.

त्या सराईनंतर बडोद्यातल्या आणखी दोन-तीन बँडांचे मास्तर उलटे चालायला लागले. लोक त्यांना विचारायचे, उलटं चालता ना? त्यांना वाटलं ही नवी फॅशन आहे.  आमच्याकडे पुढं काही फार बरे दिवस आले असं नाही. बँड चालला, आबा पुढची काही वर्षं असेच चालले, मग गेले. पण पंचा त्या संध्याकाळनंतर परत तोंडावर आला नाही.

तर त्या संध्याकाळी लग्नाची वाडी, म्हणजे कार्यालय, जवळच होती. दारात किरीटभाईच्या सासूबाई पोंखायला, म्हणजे ओवाळून आत घ्यायला उभ्या, हातात ताट. रीत अशी की नवरा घोडीवरून उतरला की बँडनं जोरात एक शेवट करायचा आणि थांबायचं, म्हणजे पुढचे विधी सुरू होतात. किरीटभाई उतरला. उस्मानचाचांनी आबांकडे बघितलं, शेवटाचा हात कधी पडतो म्हणून. तो पडला नाही. माझ्या तेव्हा लक्षात आलं की टेपमध्ये ह्या गाण्यांना शेवटच नाही. ती माणसं थांबत नाहीत, तेच तेच म्हणत बारीक बारीक होत जातात, आतल्या खोलीत निघून गेल्यासारखी, आणि मग ऐकू येत नाहीत. ओट्यावर आबा नुसता हात करून थांबवायचे, म्हणून कधी प्रश्न आला नव्हता. आता सासूबाई ताट घेऊन ताटकळलेल्या, आणि आबा हात वर धरून उभे. मग त्यांनी पाऊल मागं टाकलं. आणखी एक. बँड त्यांच्या मागोमाग. वाजवत वाजवत आम्ही वाडीच्या दारापासून लांब जायला लागलो, रस्त्यानं, घरच्या दिशेनं. सासूबाईंनी रीतीप्रमाणे जावयाचं नाक धरलं होतं आणि तो मान वळवून आमच्याकडे बघत होता. आई मागं दारात राहिली होती. तिनं नंतर सांगितलं, सगळे बोलायचे थांबले, आवाज बारीक होत गेला, आणि कुठं संपला ते कुणालाच सांगता आलं नाही.

आमच्यासाठी तो बारीक झालाच नाही. मी तर मधोमध होते. बाकीचे दिवे वाडीला राहिले, माझी एकटीची बत्ती. माझी मान आता लाकडासारखी, तिची मला काही जाणीव नव्हती. स्टेशनचं गरनाळं आलं, वरून रेल्वे, खालून रस्ता. आत शिरलो आणि तो आवाज भिंतींवर आपटून असा परत आला की जेवढे आम्ही होतो त्याच्या दुप्पट झालो, चौपट झालो. थोरला, बहीण, वहिन्या, म्हातारा, सगळे.  उस्मानचाचांच्या ओठातून रक्त आलं होतं, त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, मास्तर, आता बस?

आबांचं तोंड बत्तीच्या उजेडात चमकत होतं, हनुवटीपर्यंत ओलं.

"वाजव," ते म्हणाले. "अजून तिकडं वाडीला ऐकू येत असेल."